चहा विचारणारं भूत

तुम्ही माझ्या धडधाकट आईला भूत ठरवलंत, आणि मग ती जिवंत निघाली म्हणून तिच्यावरच चिडलात. यातलं निदान एक तरी चुकतंय, हे तुमच्या अख्ख्या समितीत एकाच्याही डोक्यात येऊ नये?

नाव घेत नाही तुमचं. गावाचंही घेत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये समुद्राकाठी अशी गावं पोत्यानं आहेत आणि प्रत्येक गावात तुमच्यासारखी एक समिती आहे, जी जुन्या घराच्या खिडकीला नेमका कुठला पांढरा द्यायचा यावर तीन-तीन हिवाळे भांडते. ज्यांचं त्यांना कळेल. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मला नोकरी करता येते, भांडता येत नाही. भाषांतर तुमचं तुम्ही करून घ्या.

माझं नाव आश्लेषा. टेक्सासमध्ये प्लेनोला राहते. एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायचं काम करते, त्यामुळे तुमच्या चुका शोधायला मला वेगळे कष्ट पडलेले नाहीत. तुमच्या त्या ऐतिहासिक कॉटेजमध्ये आम्ही आलो, तेव्हा मला सातवा महिना लागला होता. माझे आई-बाबा, शुभा आणि मनोहर, नागपूरहून खास बाळंतपणासाठी आले होते. तीन सूटकेसा, त्यातली एक नुसती डिंक, खारीक, अळीव आणि बाळाच्या दुपट्यांची. कस्टमवाल्यानं डिंकाचा डबा उघडून वास घेतला आणि निमूट बंद केला.

बाबा प्लेनोत दोन दिवसांत रुळले. त्यांना टीव्हीवर चोवीस तास हवामान सांगणारा चॅनल सापडला. सोफ्यावर मांडी घालून बसायचे आणि मधूनच ओरडायचे, "ओमाहात गारा!" ओमाहात आमचं कोणी नाही. पण त्यांना काळजी वाटायची.

आईचं मात्र जमेना. नागपुरात ती सकाळी झाडायला दारात आली, की आत यायला तिला तास लागायचा. इथे ती पहिल्याच आठवड्यात पायी फिरायला निघाली, तर पोलिसाची गाडी थांबली. साडीत, स्नीकर घालून, हायवेच्या कडेनं चालणारी बाई म्हणजे हरवलेलीच असणार, अशी त्याची समजूत. त्यानं तिला सन्मानानं घरी आणून सोडलं. त्यानंतर ती बाहेर पडली नाही.

"माणूसच दिसत नाही गं इथे," ती म्हणायची. "गॅरेजचं दार उघडते, गाडी आत जाते, दार बंद होते. गाडीत कोणी होतं की नव्हतं, तेही समजत नाही. कोणाला चहा विचारू? दाराला?"

जुलैत एका संध्याकाळी तिनं जाहीर केलं, "ऑगस्टचं तिकीट काढा माझं. तूच चल माहेरी बाळंतपणाला. पहिलं तर तसंही माहेरीच असते."

आता तुम्हाला व्हिसा-स्टॅम्पिंग म्हणजे काय ते सांगत बसत नाही, कारण ती भानगड तुमच्याच देशानं केलेली आहे. मी गेले तर परत कधी येईन, ते कॉन्सुलेट ठरवणार. आई गेली, तर मी, माझा नवरा परीक्षित आणि बाळ, असे तीन अडाणी जीव एका घरात. प्रश्न एवढा सरळ होता. आईला काही करून राहती करायची होती.

तिकीट बुक झालं. पण परीक्षित म्हणाला, "थांब, त्यांना समुद्र दाखवू. आईंनी समुद्रातून सूर्य वर येताना कधी पाहिलेला नाही. तिकडे पूर्वेला पाहता येईल."

कल्पना चांगली होती. पण परीक्षित पुण्याचा. साध्या मोटेलात राहील तो पुणेकर कसला? त्यानं नेटवर शोधून शोधून तुमची कॉटेज काढली. अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधीची. एका जहाजाच्या कप्तानानं बांधलेली. छत इतकं खाली, की परीक्षितचं डोकं प्रत्येक दारात तुळईवर आपटायचं आणि प्रत्येक वेळी तो डोकं चोळत, भारावून म्हणायचा, "ओरिजिनल आहे!" जमीन अशी उतरती, की बाबांच्या गोळीची बाटली पडली ती स्वयंपाकघरातून निघून थेट संडासात पोचली. पलंग इतके आखूड, की आम्ही सगळे कोनात झोपलो.

आणि तुमची नियमावली. दाराला खिळा ठोकू नये. खुर्ची सरकवू नये. खिडकीबाहेर कपडा वाळत घालू नये. घराच्या आत कोणतीही ज्योत पेटवू नये. हा शेवटचा नियम नीट लक्षात ठेवा, तो तुमचा आहे, आमचा नव्हे.

माझी आई रोज पहाटे आंघोळ करून, सोवळ्याचं नेसून देवापुढे निरांजन लावते आणि सूर्याला पाणी देते. सोवळं म्हणजे काय, तर पूजा होईपर्यंत तिला कोणी शिवायचं नाही. आणि तेवढा वेळ ती कोणाशी बोलतही नाही. घराला आग लागली तरी खुणेनंच सांगेल. सोवळ्याचं तिचं लुगडं दुधी रंगाचं, टसरचं, नऊवारी.

पहिल्याच रात्री परीक्षितनं तिला नियमावली वाचून दाखवली. "आई, आत निरांजन नाही लावायचं. लाकूड जुनं आहे. ओरिजिनल."

"मग देवानं काय बॅटरीवर राहायचं का, जावईबापू?"

"बाहेर पायरीवर लावा ना. तसाही सूर्य तिकडूनच येणार आहे."

तर हे असं झालं. तुमच्या नियमामुळे माझी आई पहाटे तुमच्या ऐतिहासिक उंबऱ्याबाहेर आली. दुधी नऊवारी, मोकळे ओले केस, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात निरांजन, ओठ हलतायत पण आवाज नाही, नजर समुद्रावर.

त्या वेळी तुमच्या गावातले एक म्हातारे गृहस्थ त्यांचं बिस्किट नावाचं केसाळ कुत्रं फिरवत कुंपणापाशी आले. त्यांनी "गुड मॉर्निंग" केलं. आई बोलेना. त्यांनी पुन्हा केलं. आईनं फक्त हात वर करून लांब राहा अशी खूण केली. कुत्रं फाटकातून आत घुसलं, तशी ती पाठमोरी न होता, तोंड समोर ठेवून, हळूहळू मागे मागे सरकत दारात शिरली. कुत्र्यानं शिवू नये म्हणून. आणि नऊवारीत पाय दिसत नाहीत नीट धुक्यात, तर त्यांना ती तरंगत गेल्यासारखी दिसली.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही कोनात झोपलो होतो.

तुमच्या गावात मर्सी नावाची त्याच कप्तानाची बायको अडीचशे वर्षं भूत होऊन फिरते, हेही आम्हाला माहीत नव्हतं. नवऱ्याचं जहाज परत आलं नाही, म्हणून ती पहाटे दिवा घेऊन त्याच कॉटेजच्या दारात उभी राहते. तुम्ही तिच्या नावानं फेरी काढता, तिच्या नावाचे टॉवेल विकता. अडचण एवढीच होती, की गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ती कोणाला दिसली नव्हती.

आणि आता दिसली.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी चारपाच जण होते. तिसऱ्या दिवशी चांगली गर्दी. कॅमेरे, घड्यांच्या खुर्च्या, ब्लँकेटं. आईनं पूजा करता करता सगळं पाहिलं. कोणी एक अक्षर बोलत नव्हतं. तिला फार बरं वाटलं. एवढी माणसं उन्हाळ्यात पहाटे उठून, सूर्योदयाला हात बांधून उभी राहतात, किती श्रद्धा म्हणायची. आणि आपण त्यांना साधा चहाही विचारत नाही, किती वाईट.

पूजा आटोपून ती आत आली, सोवळं सोडलं, हिरवी सुती साडी नेसली, वरून परीक्षितचं ऑफिसचं जॅकेट घातलं, केस बांधले, स्नीकर चढवले आणि मोठ्या पातेल्यात आल्याचा चहा टाकला. इंडियन ग्रोसरीतून आणलेले अख्खे पोहे भिजवले. मी आठला उठून खाली आले, तर अंगणात जत्रा. तुमच्या गावची माणसं कागदी बशांतून कांदेपोहे खातायत, आणि आई मधे फिरत फिरत वाढतेय.

"टेक, टेक. ओन्ली लिटल. लेमन पिळो."

एक बाई आईचा हात धरून कुजबुजत्या आवाजात काहीतरी विचारत होत्या. आई मान हलवत होती, "येस, येस. एव्हरी डे. मॉर्निंग, फाइव्ह थर्टी."

"काय विचारतायत गं?" मी म्हटलं.

"सगळे एकच विचारून राहिले बाप्पा. तुम्ही तिला पाहिलं का, तिला पाहिलं का. मी म्हटलं, रोज पाहतो आम्ही. हे लोक सूर्याला बाई समजतात वाटते."

"आणि ही का रडतेय?"

"भाविक असंल."

कुत्रेवाले म्हातारे आईला म्हणाले, तुम्ही फार शूर बाई आहात, असल्या घरात झोपता. आईनं त्यांना अजून थोडे पोहे वाढले. बिस्किटलाही वाढले. सोवळं सुटलेलं होतं, तेव्हा बिस्किट आता मांडीवर आला तरी तिची हरकत नव्हती.

असे पोहे तीन दिवस चालले. तिसऱ्या दुपारी माझी आई गाणं गुणगुणत भांडी घासत होती. प्लेनोत तीन महिन्यांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. मग ती पदराला हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली. "आशू, तिकिटाच्या एजंटला फोन करून दे. ऑगस्टचं तिकीट रद्द कर म्हणावं. या देशात माणसं आहेत, फक्त पहाटे लवकर उठावं लागते."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडले, की बाबा वरून विचारायला लागले, कुठे पूर आला म्हणून.

आमचं सगळं जमलं होतं. मग तुम्ही आलात.

त्या पहाटे बाळ लाथा मारत होतं, म्हणून मी जागी होते, वरच्या खिडकीशी. खाली अंधुक उजेडात तुमच्या अध्यक्षबाई, निळा स्वेटर, मोत्याची माळ, एवढ्या सकाळी लिपस्टिक. त्यांच्या एका बाजूला स्थानिक पेपरचा फोटोग्राफर. दुसऱ्या बाजूला एक लांब माणूस, हातात इस्त्रीएवढं यंत्र. भूत जवळ आलं, की हवा गार पडते म्हणे, आणि ते यंत्र गारवा मोजतं. बाकी गाव मागे.

आई बाहेर आली. ओले केस, तांब्या, निरांजन. लांब माणसानं यंत्र पुढे धरलं. नुकतीच गार पाण्यानं न्हायलेली बाई ती. यंत्रानं टुणकन आवाज केला.

"उतरलं! तापमान उतरलं!" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. अध्यक्षबाईंनी छातीवर हात ठेवला. कोणीतरी छातीवर क्रॉसची खूण केली.

सगळं व्यवस्थित चाललं असतं. पण बिस्किट. त्याला तीन दिवस पोह्यांची सवय लागलेली. आईला पाहताच त्यानं साखळी हिसडली, कुंपण ओलांडलं आणि प्रेमानं दोन्ही पाय वर करून तिच्या अंगावर झेप घेतली.

"ए हड्! हड् म्हणते ना! शिवू नको मेल्या, सोवळ्यात आहे मी!"

तांब्या खडखडत पायऱ्या उतरत गेला. गर्दी दोन पावलं मागे.

"बोलली," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"जुनी इंग्रजी आहे," यंत्रवाला म्हणाला. "अडीचशे वर्षांपूर्वी असंच बोलत असत."

तेवढ्यात शेजारची खिडकी उघडली आणि बनियन घातलेले बाबा अर्धे बाहेर आले. "अवो, गरम पाणी येतच नाही का नळाला? आणि बॉस्टनला आज वादळ आहे, छत्री घ्या म्हणा त्यांना."

आईनं वर पाहिलं. मग खाली पाहिलं, अंगावर चिकटलेल्या कुत्र्याकडे. सोवळं तर गेलंच होतं, मौनही गेलं होतं. मग तिनं समोर पाहिलं. एवढी माणसं, पहाटेपासून ताटकळलेली, उपाशी.

"आले का सगळे?" ती म्हणाली. आणि हात वर करून मोठ्यांदा, "वेट! टी!"

मग कुत्रेवाले म्हातारे जे हसायला लागले, ते कुंपणाला धरून खालीच बसले. मग सगळं गाव हसलं. टाळ्या वाजल्या. फोटोग्राफरनं आईचे, कुत्र्याचे आणि बाबांच्या बनियनचे फोटो काढले. कोणी रागावलं नाही. ज्यांना तुम्ही फसलेले म्हणता ना, ते सगळे चहाला थांबले. एकटा यंत्रवाला नाही थांबला. आणि तुमच्या अध्यक्षबाई.

त्या नऊ वाजता आल्या. बसल्या. चहा नको म्हणाल्या. आईनं तो तरीही त्यांच्यासमोर ठेवला.

"आम्ही समजूतदार माणसं आहोत," अध्यक्षबाई मला म्हणाल्या. "पेपरात छापू नका असं मी सांगितलंय. तुमच्या आई आठवडाभर रोज पहाटे येऊ शकतात. तोच पोशाख, तोच दिवा. लोकांना आवडतं. फक्त बोलायचं नाही."

"ती तशीही बोलत नाही त्या वेळी," मी म्हटलं. "कुत्रा आवरा."

"आणि पुरुषानं खिडकीत यायचं नाही. मर्सी विधवा आहे."

"काय म्हणते ही?" आईनं विचारलं. मी सांगितलं. आईनं कपाळाला हात लावून कुंकू जागेवर आहे ना ते पाहिलं. वरून बाबांचा खोकला ऐकू आला, भरदार, जिवंत.

"आणि खाणंपिणं बंद," अध्यक्षबाई म्हणाल्या. "चहा, तो पिवळा पदार्थ, सगळं. लोकांनी तिला पाहायचं आणि शांतपणे घरी जायचं. मर्सी नाश्ता देत नाही."

हेही मी सांगितलं. शब्द न् शब्द.

माझ्या आईनं चहाचा कप अध्यक्षबाईंच्या आणखी जवळ सरकवला. मग म्हणाली, "नवरा मेला म्हणाली, ते मी सोडून देते. त्यांची पत्रिका भक्कम आहे, हिच्या बोलण्यानं काही होत नाही. पण दारात आलेल्या माणसाला चहा न विचारता परत पाठवायचं? तिला सांग आशू, मी मेल्यावरही चहा विचारीन. खरंखुरं भूत झाले ना, तरी विचारीन."

मी सांगितलं. परीक्षित मान वर करून "अगदी बरोबर" म्हणायला उभा राहिला आणि तुळईवर आपटला. या वेळी तो काहीच म्हणाला नाही.

अध्यक्षबाईंनी पर्स बंद केली. "मग नियमाप्रमाणे," त्या म्हणाल्या.

आणि नियमाप्रमाणे दुपारी तुमचा माणूस येऊन फाटकाला जाड दोरी बांधून गेला. एक पाटी लावली, की आत येऊ नये, जमू नये, वाढू नये, आणि आता बाहेरही ज्योत नको. दुसऱ्या दिवशी पहाटे लोक आले, पाटी वाचली, थोडा वेळ चुळबुळले आणि गेले. कुत्रेवाल्या म्हाताऱ्यांनी दोरीवरून हात केला. आई खिडकीच्या काचेआड उभी होती, हातात पातेलं. आल्याचा वास घरभर. तिनंही हात केला. काचेतून काय बोलणार?

पातेलं तिनं खाली ठेवलं, विजेची शेगडी बंद केली आणि मला म्हणाली, "एजंटला फोन केला नसशील, तर राहू दे. ऑगस्टचंच ठीक आहे."

मी केला नव्हता फोन. शनिवार-रविवारमुळे त्याचं ऑफिस बंद होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चहासाठी? हो. एवढ्याशा चहासाठी. भूत म्हणून तिला तुमच्या गावात जागा होती, तीही पुढच्या रांगेतली. माणूस म्हणून ती पायरीवर आली, तर दोरी. तुमची फेरी अजून चालू आहे, असं म्हाताऱ्यांनी ईमेल करून कळवलंय. हल्लीचा ताजा अनुभव म्हणून तुम्ही माझ्या आईचं वर्णन ऐकवता, केसांपासून पायांपर्यंत. पोह्यांचं नाव काढत नाही.

आता प्लेनोत हॉलमध्ये दोन सूटकेसा बांधून उभ्या आहेत. येत्या शनिवारचं विमान आहे. बाबांना जायचं नाहीये, ओमाहाचं कसं होईल म्हणतात, पण ते तिच्यामागे जाणार. तिसरी सूटकेस, डिंकाची, ती माझ्यासाठी ठेवून चाललीय. लाडू कसे करायचे, ते आईनं तोंडी सांगितलंय, आणि मला एक अक्षर कळलेलं नाही.

तर समितीतल्या सर्व सन्माननीय सभासदांनो, उत्तर द्या. मोघम नको, नियम दाखवू नका. ऑक्टोबरात मी बाळ घेऊन घरी येईन, तेव्हा दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायला कोण उभं असेल? बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ-माखू कोण घालेल? परीक्षित? त्याला दूध तापवायलाही मॅन्युअल लागतं. माझ्या कंबरेला तेल कोण लावील, डिंक कोण तळेल, आणि बाळ रात्रभर रडलं, तर ते भुकेनं की पोटदुखीनं, हे कोण सांगेल? तुमच्या अध्यक्षबाई येणार आहेत का मोत्यांची माळ घालून? येणार असतील, तर विमान कधीचं ते कळवा. येणार नसतील, तर शनिवारच्या आत माझ्या आईला फोन करा आणि तिची माफी मागा. यातलं काय करताय?